पितृदोष आणि सर्वपित्री अमावास्या

जन्मकुंडलीत नवम स्थानी रवीची राहू वा केतूशी युती असता ज्योतिषी त्यास सामान्यतः पितृदोष म्हणतात. विवाहात विघ्ने, संततीस विलंब अशी त्याची फले सांगितली जातात. तथापि धर्मशास्त्रातील मूळ कल्पना दोषाची नसून ऋणाची आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो. म्हणून कुंडलीच्या धास्तीने कर्ज काढून विधी करणे भाविकांनी टाळावे.

भाद्रपद वद्य पक्षात मृताच्या तिथीस श्राद्ध करावे. परंतु तिथीच ज्ञात नसेल तर? अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयाच्या (शके ९८२, इ. स. १०६०) या परिसरात हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या छावण्यांत आलेली व पुढे उल्हासनगरवासी झालेली कुटुंबे आपली गावे व नदीकाठ मागे सोडून आली. त्या धामधुमीत कोण, कोठे, केव्हा निवर्तले, हे सर्वांस कळलेच असे नाही. अशा पितरांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी काळे तीळ, दर्भ व जल घेऊन नाव-गोत्र उच्चारून तर्पण करावे. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप गोत्र उच्चारण्याची रूढी आहे. नंतर काकबली, गोग्रास व यथाशक्ति अन्नदान.

त्र्यंबकेश्वरी त्रिपिंडी श्राद्ध एका दिवसात होते, नारायण नागबलीस तीन दिवस लागतात. नारायणबली दुर्मरण आलेल्यांसाठी, तर नागबली नागहत्येच्या परिमार्जनार्थ आहे; सरसकट सर्वांसाठी नव्हे. जाणाऱ्यांनी कल्याणहून रेल्वेने नाशिक रोड गाठावे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे २८ किलोमीटर आहे.