बूड दाखवा, मग बोलू

ओळखीपाळखीचे लोक जुन्या चिनी-जपानी भांड्यांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘मिंग आहे का? किती येतील?’ घरबसल्या इंटरनेटवर ही भांडी ओळखायला काय उपयोगी पडतं, ते माझ्या अनुभवातून.

१. फोटो बुडाचा काढा. नक्षी कोणीही गिरवतो. बुडाची बिनझिलईची कडा, तिथली उघडी माती, चिकटलेली वाळू यांची नक्कल अवघड असते.

२. बुडावरचा शिक्का शेवटी वाचा. सहा अक्षरं, उजव्या ओळीपासून, वरून खाली. आधी राजवंश, मग बादशहा. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप ती क्षणात वाचतं, आणि तिथेच माणूस हुरळतो. १६७७ मध्ये चिनी भांड्यांचं माहेरघर असलेल्या चिंगदचनच्या अधिकाऱ्याने चालू बादशहा खांग्शीचं नाव भांड्यांवर घालायला मनाई केली. भांडं फुटलं की नाव उकिरड्यावर जाणार, ही त्यामागची भीती म्हणे. मग कारागिरांनी दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वा बादशहाचं (१४६५-८७) नाव घातलं. पुढे एकोणिसाव्या शतकात खुद्द खांग्शीचं नाव नव्या मालावर आलं. यात लबाडी होतीच, पण पूर्वजांचा मानही होता. शिक्क्यावरून खात्रीने कळतं ते एवढंच, की भांडं त्या बादशहाच्या आधीचं नाही.

३. बुडावर इंग्रजीत ‘चायना’ किंवा ‘निप्पॉन’ असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचं. अमेरिकेच्या जकात कायद्याने देशाचं नाव सक्तीचं केलं होतं. १९२१ पासून ‘निप्पॉन’ऐवजी ‘जपान’ आलं. मात्र हा नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा. मुंबई बंदरात उतरलेली बशी कोरी असली म्हणून जुनी ठरत नाही.

४. फोटोवरून शोध घेतलात तर विक्रेत्यांच्या जाहिराती समोर येतात. एकाने लिहिलेलं दुसरा उतरवतो, तेव्हा त्यांवर विसंबू नका.

५. डोळा तयार होतो तो संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर. ब्रिटिश म्युझियममधला पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह बघा. हे गृहस्थ १८९२ मध्ये मुंबईत जन्मले. त्यांनी सुमारे १७०० चिनी वस्तू जमवल्या. त्यांतल्या निळ्या नक्षीच्या दोन कलशांवर १३५१ सालचा मजकूर आहे, त्यामुळे तारीख लावायला तो मोठा आधार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हजारो फोटो मोफत खुले केलेत. पण झिलईची खोली पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहासमोर उभं राहावं. मी जातो.

६. विक्रेत्याने मागितलेली किंमत बाजूला ठेवा, लिलावात खरोखर मिळालेली बघा. तीही जपून. २०२२ मध्ये फ्रान्सच्या फोंतेनब्लो इथे एका निळ्या-पांढऱ्या कलशाला तज्ज्ञाने विसाव्या शतकातला ठरवून फार तर २,००० युरोंचा अंदाज दिला. कॅटलॉगमधला फोटो बघून गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि बोली ७७ लाख युरोंवर थांबली. यात चूक तज्ज्ञाची की गिऱ्हाइकांची, यावर अजून माझं मत बनलेलं नाही.

७. हाँगकाँगच्या लिलावांचे आकडे इथे लावू नका. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू भारताच्या १९७२ च्या कायद्यानुसार खासगी माणसाला विक्रीसाठी देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक भारतातच मिळायला हवं, तेव्हा भाव इथल्या लिलावांचे बघा.