गाडी गप्प का बसली

ज्या दुकानात गाडीला अलार्म बसवून घेतला, तिथे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, की हादऱ्याचा सेन्सर नेमका कुठे लावणार. मालक म्हणाला, "ते आमच्यावर सोडा, मॅडम. नाहीतर साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेब म्हणजे आमचे हे. त्यांना बॉनेट कुठून उघडतं तेसुद्धा ठाऊक नाही. मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते. हे मिरवायला सांगत नाही, पण पुढे जे घडलं त्यात सोसायटीपासून पोलीस चौकीपर्यंत प्रत्येकाने 'तुम्हाला ते नीट वापरता आलं नसेल' असाच सूर लावला, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते.

गाडी खालच्या मॉडेलची. कंपनीचं सेंट्रल लॉक होतं, भोंगा नव्हता. आमच्या गल्लीत काही गाड्यांच्या काचा फोडून आतलं सामान गेलं, तेव्हा तो बसवून घ्यायचं ठरलं. एका दुपारीच काम उरकलं. फिटर पोरगा डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा झाला होता आणि मालक मला रिमोटची बटणं शिकवत होता. "इन्शुरन्सलाही डिस्काउंट मिळेल," हे आश्वासनही त्याचंच. त्याची गंमत पुढे सांगते.

त्यानंतर गाडी जी बोंबलायला लागली ती कशानेही. मांजर बॉनेटवर चढलं की भोंगा. ढगांचा गडगडाट झाला की भोंगा. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो, पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पथक कोपऱ्यावर आलं की आमच्या गाडीने साथ धरलीच. सेक्रेटरी काकांनी रीतसर पत्र दिलं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि तुमचा भोंगा शंभरच्या वर जातो, असा मजकूर. नियम अगदी बरोबर आहे. फक्त लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांच्याच घरातली मुलं गेटपाशी सुतळी बॉम्ब लावत होती, तेव्हा हे डेसिबल कुठे गेले होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गाडी घेऊन पुन्हा दुकानात गेले. "सेटिंग करून देतो," म्हणून मालकाने पोराला खूण केली. चहा येण्याआधी काम झालं. आणि खरंच, त्या दिवसापासून गाडी शांत. सगळी सोसायटी खूश. मला मात्र राहवेना. गाडी लॉक करून दरवाज्यावर तळहाताने थाप मारली, काही नाही. जरा जोरात मारली, तरी काही नाही. दुकानात फोन लावला. उत्तर आलं, "मॅडम, आता हाताने नाही वाजणार. चोर आला की वाजेल." चोराचा हात आणि माझा हात यांतला फरक हा सेन्सर कसा ओळखतो, हे मी विचारलं. फोनवर हसण्याचा आवाज आला.

मग एका सकाळी मागची डावी काच सीटवर चुरा होऊन पडलेली. बॅग गेली. तिच्यात लॅपटॉप होता आणि सराव परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका होत्या. त्या गेल्याचा आनंद काही विद्यार्थ्यांना लपवता आला नाही. शेजारी म्हणाले, एरवी मांजराला वाजतो, चोराला कसा नाही वाजला? तुम्हीच बंद करून ठेवला असणार. चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्याने अलार्मचं नावही काढलं नाही, बॅग गाडीत ठेवलीतच कशाला एवढंच तीन वेळा विचारलं. विमा कंपनीने काचेचे पैसे दिले. बॅगेचे देत नाही, गाडीच्या विम्यात गाडीतलं वैयक्तिक सामान धरलेलं नसतं. हे बहुतेकांना बॅग गेल्यावरच कळतं.

खरा प्रकार उघड झाला तो एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. दुकान म्हणजे टपरीच, पण बोलण्याआधी मल्टिमीटर लावणारा माणूस. मला म्हणाला, "ताई, इकडे या, तुम्हीच बघा." साहेबांना पाठवा म्हणाला नाही. स्टिअरिंगखालचं प्लास्टिक उतरवून त्याने बॅटरीचा उजेड आत टाकला. काडेपेटीएवढा काळा डबा वायरिंगच्या जुडग्याला प्लास्टिकच्या पट्टीने बांधून लोंबत होता. त्यातून निघालेली वायर कुठेच जात नव्हती. तिच्या टोकाचा कपलर मुख्य डब्यातून उपसून काढलेला, आणि उघडा राहू नये म्हणून त्याच्यावर काळी टेप. नीट, तीन-चार वेढे देऊन गुंडाळलेली टेप.

मी ती टेप बघत बसले. म्हणजे सेटिंग वगैरे काही केलंच नव्हतं. सेन्सर काढून ठेवला होता आणि मला सांगितलं होतं, चोर आला की वाजेल. चूक झाली असती तर मी समजू शकले असते. पण ही टेप विचार करून लावलेली होती. 'बाई परत यायला नकोत' एवढाच तो विचार.

आता हे यंत्र चालतं कसं, तेही सांगते. दुकानदाराने सांगायला हवं होतं ते. हादऱ्याच्या सेन्सरमध्ये बहुधा पिझो चकती असते. गॅसच्या लायटरमध्ये दाबल्यावर ठिणगी देतो तसलाच स्फटिक: दाब बसला की त्याच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब तयार होतो. काहींमध्ये त्याऐवजी स्प्रिंगवर झुलणारं चुंबक आणि जवळ तारेचं वेटोळं असतं. कसंही असलं तरी धक्का जितका जोराचा तितका निघणारा विद्युतदाब जास्त. त्याला दोन पायऱ्या लावलेल्या असतात. खालची ओलांडली की नुसती टीव-टीव, वरची ओलांडली की पूर्ण भोंगा. डब्याच्या कडेला छोटा स्क्रू असतो, त्याने या पायऱ्या वरखाली होतात. म्हणजे सेन्सर चोराला ओळखत नाही, ढोलालाही ओळखत नाही. पत्रा किती हलला एवढंच त्याला कळतं. आणि तेही तो पत्र्याला घट्ट बसवला असेल तरच. माझा लोंबत होता. ढोलाच्या जड आवाजाने जुडगं झुलायचं आणि तो जागेवरच थडथडायचा. उलट मागच्या काचेवर पडलेला ठोका त्याच्यापर्यंत धड पोचलाच नसता. टफन्ड काच एका टोकदार घावाने चुरा होते, गाडीला मोठा हादरा बसतच नाही. म्हणून डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीवर स्क्रूने घट्ट बसवलेला सेन्सरच हवा, आणि तो बसवताना तुम्ही समोर उभं राहा. पोरगा म्हणेल इथे जागा नाही. जागा असते, फक्त अर्धा तास जास्त लागतो.

दरवाजे, डिकी आणि बॉनेट यांचं प्रकरण वेगळं. तिथे साधे स्विच असतात, उघडलं की सर्किट जुळतं. माझ्या चोराने दार उघडलंच नाही, फुटक्या काचेतून हात घालून बॅग ओढली. त्यामुळे स्विचांना काही कळायचा प्रश्नच नव्हता. आतल्या हालचालीसाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर येतात. पुढच्या खांबांजवळचे दोन छोटे डोळे. ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज ते आत सोडतात आणि परत येणाऱ्या लहरीत बदल झाला की ओरडतात. काच फुटून हात आत आला की हेच कामाला येतात. पण एप्रिल-मेमध्ये गाडी तापते म्हणून बोटभर काच खाली ठेवलीत, की वाऱ्याची झुळूकसुद्धा त्यांना चोर वाटते. आरशाला लटकवलेला गणपती हलला तरी तेच. महागड्या गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो, गाडी उचलली की वाजणारा. चाकं चोरणाऱ्यासाठी आहे तो, टोइंगच्या गाडीलाही वाजतो. पण टोइंगवाले थांबत नाहीत.

सगळ्यात बिनकामाचा प्रकार म्हणजे बॅटरीचा विद्युतदाब खाली आला की वाजणारी सोय. आतला दिवा लागला म्हणजे कोणीतरी दार उघडलं, असा तिचा तर्क. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरला, तरी हिला चोर दिसतो. तुमच्या डब्यात ही सोय असेल आणि बंद करता येत असेल, तर बंद करा.

इलेक्ट्रिशियनने आणखी एक गोष्ट दाखवली. दार उघडल्याची खबर घ्यायला फिटरने सरळ आतल्या दिव्याची वायर सोलून जोड मारला होता. हल्लीच्या गाड्यांत तो दिवा गाडीचा संगणक हळूहळू मंद करत विझवतो. त्या जोडामुळे संगणक झोपतच नव्हता. उभ्या गाडीने साधारण ३०-५० मिलिअँपिअर खावेत. माझी ३०० खात होती. दिवसाला सात अँपिअर-तास झाले, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ची. लागून सुट्ट्या आल्या की गाडी सुरू होत नव्हती, त्याचं कारण हे. सर्व्हिस सेंटरने मात्र आधी मला नवी बॅटरी विकली. मग तोच सोललेला जोड दाखवून, बाहेरून वायरिंग केलंय म्हणत इलेक्ट्रिकल भागाची वॉरंटी नाकारली. वॉरंटी नाकारायची ती नाकारा, पण मग आधी बॅटरी कशाला विकलीत?

म्हणून वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीची, कपलरला कपलर जोडणारी ॲक्सेसरीच घ्या. महाग पडते, पण एकही वायर कापावी लागत नाही. बाहेरून बसवणारच असाल तर 'इंजिन कट' नावाचा रिले मुळीच लावू देऊ नका. दुकानदार तो फुकट देतो. पेट्रोल पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरीत तो घुसवतात, आणि जोड सैल झाला की चालती गाडी रस्त्यात बंद पडते. त्याची गरजही नसते. किल्लीच्या डोक्यात चिप असते, किल्लीच्या खाचेभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते आणि तिचा संकेत जुळला तरच संगणक इंजिन चालू होऊ देतो. हा इमोबिलायझर बहुतेक गाड्यांत कंपनीकडूनच आलेला असतो. जर्मनीने नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा केला. गाडी चोरीला जाऊ न देणारी वस्तू ही. भोंगा फार तर चार लोकांना उठवतो, आणि रोज उठवला की तेही कूस बदलून झोपतात. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवू नका. तिचा संकेत बाहेरून यंत्राने लांबवून गाडी उघडणारे चोर आहेत.

रिमोट घेताना 'रोलिंग कोड' आहे का ते विचारा. प्रत्येक दाबाला संकेत बदलतो तो. एकच संकेत पुन्हा पुन्हा पाठवणारा रिमोट कोणीही टिपून वाजवू शकतो. बाकी मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नये, उजेडात गाडी लावावी वगैरे तुम्ही ऐकलेलंच आहे. मीही ऐकलं होतं. शिकवणीनंतर रात्री साडेदहाला तिसऱ्या मजल्यावर काय काय चढवायचं, हे तो सल्ला देणाऱ्यांना विचारा.

विम्याच्या सवलतीची गंमत राहिली. मोटर टॅरिफमध्ये अशी सवलत आहे: गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. पण उपकरण एआरएआयने मान्य केलेलं हवं आणि बसवल्याचा दाखला ऑटोमोबाइल असोसिएशनचा हवा. एआरएआय म्हणजे जिच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं तीच संस्था. माझ्या डब्यावर कसलाही शिक्का नव्हता. मालकाला विचारलं तर म्हणाला, "कंपनी टू कंपनी असतं ते."

बसवून झालं की दुकानातून हलण्याआधी गाडी लॉक करा, मिनिटभर थांबा आणि मधल्या खांबावर तळहाताने थाप मारा. टीव-टीव आली पाहिजे. मुठीने मारलं की भोंगा वाजला पाहिजे. प्रत्येक दार, डिकी, बॉनेट आतून उघडून बघा. सेन्सरचा आणि त्याच्या कपलरचा मोबाईलवर फोटो काढा. 'सेटिंग' करून आणलीत की पुन्हा काढा. मी पहिल्या दिवशी फोटो काढला होता, दुकानातला पोरगा हसत होता तेव्हा. आणि पक्कं बिल घ्या. मला चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता, पण पैसे मोबाईलवरून दिलेले असल्याने पुरावा राहिला.

त्याच जोरावर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. नोटीस गेल्यावर मालकाने कळवलं, की कपलर त्यांच्या माणसाने काढलेला नाही. पार्किंगमध्ये उंदीर फार आहेत, त्यांनीच ओढला असणार. ओढला असेल. टेपही उंदरांनीच गुंडाळली का, एवढंच मी त्यांना लेखी विचारलं आहे.