वीजबिल मालाच्या किमतीत कसं धरायचं?

प्रश्न : भोसरीत आमचा पितळी व्हॉल्व्हचा छोटा कारखाना आहे. टॅलीत मॅन्युफॅक्चरिंग जर्नल करताना वीज, शेडचं भाडं आणि सुपरवायझरचा पगार धरला, तर खर्च दोनदा नोंदला जाईल का?

उत्तर : नाही. बिलाची नोंद तुम्ही खर्चाच्या लेजरला नेहमीसारखी करताच. मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमधल्या 'अतिरिक्त खर्चा'मुळे फक्त तयार मालाचं मूल्य वाढतं. लेजरला तो पुन्हा लागत नाही.

खरी चूक होते ती दर काढताना. समजा, स्थिर खर्च महिना 1,20,000 रुपये आणि नेहमीची क्षमता 4,000 नग. म्हणजे नगामागे 30 रुपये. मंदीत 2,500च नग निघाले, तर बरेचजण भागाकार 2,500ने करून 48 रुपये लावतात. माल बसल्याजागी महाग, आणि नफा कागदावर फुगलेला! लेखा मानक 2 नुसार दर 30च राहतो; मालावर 75,000 चढतात, उरलेले 45,000 त्या महिन्याचा खर्च. विक्रीचं कमिशन, ऑफिसचा चहा यांना इथे जागाच नाही.

बिल ऑफ मटेरियल मात्र आधी नीट भरा. मार्चअखेरीस साठा मोजताना आकडे जुळवत बसावं लागणार नाही.