इलेक्ट्रॉनिक गिअर आणि मिस्त्रींचा कान
द्वितीय वर्ष, कला शाखा

सायकलच्या गिअरवर लेख, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु कॉलेज सुटल्यावर मी एका सायकल दुकानात काम करतो, आणि शर्यतीच्या सायकलींना जे इलेक्ट्रॉनिक गिअर येतात त्यांच्या इंग्रजी पुस्तिका वाचून मिस्त्रींना मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. मराठीत या विषयावर सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. म्हणून हा प्रपंच.

प्रथम साधा गिअर पाहू. हँडलजवळचा खटका ओढला की पोलादी केबल ताणली जाते, केबल मागच्या डिरेलरला आत ओढते, आणि डिरेलर चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. केबल सैल सोडली की स्प्रिंग त्याला परत बाहेर नेते. जपानमधील साकाई येथील शिमानो कंपनीने १९८४ साली 'टक्' असा आवाज करून नेमक्या जागी थांबणारा गिअर शर्यतीच्या सायकलींना दिला. तोवर योग्य जागा स्वाराने अंदाजानेच शोधायची असे. पण केबल ती केबलच. नवी असताना ती आपल्या आवरणात बसत जाते व सैलावते, पावसाळ्यात गंजते, आणि मग गिअर खरखरू लागतो.

इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये ही केबलच नाही. खटका म्हणजे केवळ एक बटण. डिरेलरमध्ये चिमुकली मोटर असते आणि तीच त्याला ठरलेल्या अंतराने हलवते. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० नंतरच्या दशकात हा प्रयोग केला, १९९९ मध्ये बिनतारी गिअरही काढला, पण तो टिकला नाही. खरा जम बसला तो २००९ पासून, शिमानोच्या 'डी-आय-टू'मुळे. इटलीच्या कँपान्योलोने २०११ मध्ये, तर अमेरिकेच्या स्रॅमने २०१५ मध्ये आपापले संच आणले. स्रॅमचा तर पूर्णपणे बिनतारी होता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. असे गिअर बसवलेली सायकल दुकानात आली की मालक आधीच बजावतो, "मिस्त्री, हे कॉम्प्युटरचं काम आहे, तुम्ही हात लावू नका." मग ती सायकल बसच्या टपावरून शहरात जाते. मिस्त्रींनी तीस वर्षे गिअर लावले आहेत; त्यांना हे वाक्य कसे लागत असेल ते मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. आणि माझ्या मते ते वाक्य बव्हंशी चूकच आहे.

का, ते सांगतो. डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमची करतात, म्हणजे सायकल पडली तर पट्टी वाकावी, फ्रेम वाचावी. ही पट्टी वाकडी असेल तर मोटर कितीही अचूक फिरो, डिरेलर तिरकाच चालणार. 'सॉफ्टवेअर बिघडले' म्हणून आलेल्या सायकलीचा हँगर आधी तपासावा. तो सरळ करणे हे गजाचे आणि नजरेचे काम आहे, त्यात कॉम्प्युटर कुठेच येत नाही.

त्यानंतर जुळणी. शिमानोच्या अकरा चक्रांच्या संचाची रीत अशी: चेन मोठ्या बाजूने मोजून पाचव्या चक्रावर आणायची. जोडपेटीवरचे बटण तांबडा दिवा लागेपर्यंत दाबायचे. आता खटका दाबला की गिअर बदलत नाही, डिरेलर फक्त केसभर सरकतो. अशा एकूण ३३ जागा त्याला आहेत. पेडल फिरवत त्याला आत सरकवत न्यायचे. चेन शेजारच्या मोठ्या चौथ्या चक्राला जेमतेम घासून बारीक आवाज करू लागली की थांबायचे, आणि तिथून चार पावले बाहेर यायचे. झाली जुळणी! हे मी पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा मिस्त्री हसलेच. आवाज ऐकून गिअर लावणे त्यांना नवे नव्हते. मला तो घासण्याचा आवाज ऐकू येण्याआधी त्यांनी हात वर केला होता. (बारा चक्रांच्या संचासाठी मात्र त्याचीच पुस्तिका पाहावी.)

मर्यादेचे स्क्रू इथेही असतातच. मोठ्या चक्राकडचा स्क्रू नुसता टेकवायचा. तो जास्त आवळला तर मोटर त्याच्याशी झगडत राहते आणि बॅटरी फुकट संपते. लहान चक्राकडचा टेकवून एक फेरा उलटा सोडायचा, कारण गिअर बदलताना डिरेलर किंचित पुढे जाऊन मागे येतो.

सायकल पडल्यावर डिरेलर मेल्यासारखा झाला तर घाबरू नये. धक्का बसताच मोटर स्वतःला सोडवून घेते. याच संचात जोडपेटीचे बटण पाच सेकंद किंवा थोडे अधिक दाबून ठेवले की ती पुन्हा जोडली जाते. धुताना जोराच्या फवाऱ्याचे पाणी मारू नये. वायरची टोके 'टक्' होईपर्यंत बसवावीत.

केबलच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तुटलेली केबल तालुक्याच्या गावी मिळते. जळलेली मोटर मिळत नाही, आणि किंमत तर विचारूच नये. दुधाच्या किटल्या नेणाऱ्याला यातले काहीच नको. पण ज्याच्या बोटांत जोर नाही, किंवा जो रात्रभर सायकल चालवतो, त्याला हलक्या बटणाचा उपयोग खरा आहे. अशा लांबच्या स्वाराने हिशेब ठेवावा: शिमानो आपल्या बारा चक्रांच्या संचाची बॅटरी सुमारे १००० किलोमीटर पुरते असे सांगते, आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फेरी १२०० किलोमीटरची आहे. स्रॅमच्या पुढच्या-मागच्या बॅटऱ्या सारख्याच असतात; मागची संपली तर पुढची काढून तिथे लावता येते. बसवर वा गाडीत सायकल टाकताना त्या काढून ठेवाव्यात, कारण हादऱ्यांनी संच जागा राहतो.

आमच्या दुकानात आता भिंतीवर मराठी तक्ता लावला आहे. अक्षर माझे, क्रम मिस्त्रींचा: आधी हँगर, मग चेनची झीज, मग स्क्रू, मग बटण. खाली जोडपेटीच्या दिव्यांचा अर्थ आहे: हिरवा स्थिर, भरपूर, हिरवा लुकलुकता, निम्मी, तांबडा स्थिर, पाव, तांबडा लुकलुकता, संपत आली. त्याखाली मिस्त्रींनी स्वतः खडूने लिहिले आहे: "आधी पुढचा गिअर बंद पडतो, मग मागचा. मागचा जिथे असेल तिथेच राहतो. चढ लागण्याआधी हलक्यावर टाका."