शुक्राणू-शुद्धीकरणाच्या दोन पद्धती : एक तुलना

अपत्यप्राप्तीस विलंब झाला की तपासण्यांसाठी प्रथम सुनेलाच पाठविले जाते, हा अनुभव कॅम्प ४ येथील आमच्या बाह्यरुग्ण विभागासही नवा नाही. वस्तुतः पतीची वीर्यतपासणी सर्वांत सोपी व अल्पखर्चाची असते.

आय.यू.आय. उपचारात वीर्य जसेच्या तसे गर्भाशयात सोडता येत नाही. त्यातील द्रवामुळे तीव्र कळा व जंतुसंसर्ग संभवतात. म्हणून चपळ शुक्राणू आधी वेगळे करावे लागतात. ‘स्विम-अप’ पद्धतीत वीर्यावर पोषक द्रावणाचा थर देऊन नळी तिरपी करतात व ३७ अंश सेल्सियस तापमानात तासभर ठेवतात. सक्षम शुक्राणू स्वतःच पोहून वर येतात. खर्च अल्प, परंतु हाती येणारी संख्याही अल्प. ‘डेन्सिटी ग्रेडियंट’ पद्धतीत सिलिकाकणयुक्त द्रावणाच्या ८० व ४० टक्क्यांच्या थरांवर वीर्य ठेवून नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवितात. मृत पेशी वरच्या थरांत अडकतात, सुदृढ शुक्राणू तळाशी जमतात. मूळ संख्या कमी असल्यास हीच पद्धत आम्हांस अधिक उपयुक्त वाटते.

मात्र आय.यू.आय.मध्ये अमुक एका पद्धतीने गर्भधारणा अधिक होते, असे २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात सिद्ध झाले नाही. सबब नमुना चांगला असता महागड्या द्रावणाचा भार कुटुंबावर टाकणे आम्ही उचित मानीत नाही.

बदलापूर-अंबरनाथहून नमुना आणणाऱ्यांनी तो अंगाजवळ उबेत ठेवून तासाभरात पोचवावा. शक्यतो रुग्णालयातच द्यावा, लोकलचा भरवसा धरू नये.