विषारी वायू आणि पहिला मदतनीस

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत ढिगारे उपसले ते गावकऱ्यांनीच. संकटातला पहिला मदतनीस म्हणजे शेजारी, हे लातूर-उस्मानाबादने तेव्हा अनुभवले. परंतु प्रत्येक संकटात तत्काळ धाव घेणे योग्य ठरते काय, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील भाऊचा तांडा (ता. सोनपेठ) येथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर मृत्युमुखी पडले. बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात आणि प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइडला आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढताच नाक बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजून उतरणारा कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला भाऊही कोसळतो.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोणी बेशुद्ध पडल्यास टाकीत किंवा विहिरीत उतरू नये. ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. गर्दी दूर, वारा येतो त्या बाजूला न्यावी. आत पडलेला शुद्धीवर असेल, तर बाहेरूनच दोर सोडावा. तोंडाला बांधलेला ओला रुमाल या वायूंपासून वाचवीत नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही घातक आहे. मिथेन पेट घेतो. आत जावे ते हवेचे नळकांडे व मुखवटा लावलेल्या प्रशिक्षित जवानानेच.

मुळात माणसाला टाकीत उतरवावेच का? २०१३ च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई करवून घेण्यास बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई ठरविली. तरीही या कामाला कोणत्या वस्तीतून माणसे बोलावली जातात, हे आपण जाणतो. यंत्राने होणारे काम जातीच्या माथी मारणे हा अपघात नव्हे, अन्याय आहे.

बाबासाहेबांनी करुणेबरोबर प्रज्ञेचा आग्रह धरला. टाकीच्या काठावर त्या आग्रहाचा अर्थ कळतो. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हा पाठ आपापल्या वस्तीत, विहारात एकदा तरी समजावून सांगावा, अशी आमची नम्र विनंती आहे.