फ्युचर्सचा नियम: आधी चाचणी, मग पैसे

व्हिडिओतले मुद्दे इथे थोडक्यात देतोय. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार, फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 100 पैकी 93 वैयक्तिक ट्रेडर्सना तीन वर्षांत तोटा झाला. म्हणून आधी हे करा:

1. नियम वहीत लिहा. उदा. निफ्टी फ्युचर 20 दिवसांच्या उच्चांकावर बंद झाला की खरेदी, 10 दिवसांच्या नीचांकाखाली गेला की बाहेर.

2. दहा वर्षांचा डेटा असेल तर पहिल्या सात वर्षांवर नियम ठरवा. शेवटची तीन झाकून ठेवा आणि त्यावर एकदाच तपासा. मी मात्र कागदावर नफा दिसेपर्यंत 20 चे 18, 18 चे 23 करत बसलो. प्रत्यक्षात दिवाळीच्या मालाचे पैसे गेले.

3. खर्च वजा करा. सौद्यामागे सरासरी 30 पॉइंट मिळाले आणि ब्रोकरेज, एसटीटी, भावातला फरक यात 20 गेले, तर हातात 10च.

4. एक्स्पायरीला जुन्या-नव्या महिन्याच्या भावात फरक असतो. तो नफ्यात धरू नका.

शेवटी, चाचणीत सलग तोटा जास्तीत जास्त किती झाला ते पाहा. तेवढा सोसणार नसेल तर लॉट घेऊच नका. आणि दुकानाचा गल्ला यापासून लांबच ठेवा!